अमानत

आमच्या घरात कुत्रं राहील आणि रात्री उठून मी त्याचे श्वास मोजत बसेन, असं पाच-सहा वर्षांपूर्वी कुणी म्हटलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. कुत्र्यांचा मला राग नव्हता, पण अंतर होतं. लहानपणी मदरशातून येताना एखादं कुत्रं अंगाला घासून गेलं की अम्मी आम्हाला दारातच उभं करायची आणि कपडे बदलूनच आत घ्यायची. ज्या घरात कुत्रं असतं तिथं रहमतचे फरिश्ते येत नाहीत, हे आम्ही अलिफ-बे शिकायच्या आधी शिकलो होतो.

मिरजेत आमचं घर सतारमेकर गल्लीला लागून आहे. यांचा धंदा सतारीचा. पंढरपूरकडून आलेले वाळके भोपळे आमच्या पडवीत रचलेले असतात. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते, आता निवृत्त. शेजारी काकू राहायच्या. पस्तीस वर्षांचा शेजार. ईदला शीरखुर्मा त्यांच्याकडं आणि संक्रांतीला तिळगूळ आमच्याकडं, हे कधी चुकलं नाही. २०२१ मध्ये करोनात काका गेले आणि मुलानं काकूंना अमेरिकेला न्यायचं ठरवलं. प्रश्न उरला तो शेरूचा. पांढराशुभ्र, झुपकेदार शेपटीचा, मांजरापेक्षा थोडा मोठा, नाव मात्र शेरू. वय तेव्हा सात.

निघायच्या आदल्या दिवशी काकू त्याला घेऊन आमच्या ओट्यावर आल्या. म्हणाल्या, "बाई, दुसऱ्या कुणाकडं याला देववत नाही. धर्मराजानं स्वर्गाच्या दारातसुद्धा कुत्र्याला सोडलं नाही म्हणतात. मी सोडून चाललेय."

मला काय बोलावं कळेना. हे आतून आले आणि म्हणाले, "काकू, राहू द्या."

रात्री मी यांच्यावर चिडले. "घर में कुत्ता? नमाज कां पडूं मैं?"

हे शांतपणे म्हणाले, "काकूने अमानत दी है. ना कैसा बोलना?"

अमानत या शब्दापुढं आपल्या माणसाला बोलता येत नाही. तरी मनाचं समाधान होईना, म्हणून मी आमच्या मोहल्ल्यातल्या एका वयस्कर मौलानांना विचारलं. मला वाटलं होतं ते रागावतील. त्यांनी मला अस्हाब-ए-कहफची आठवण करून दिली. अल्लाहच्या त्या नेक बंद्यांबरोबर गुहेच्या उंबऱ्यावर पाय पसरून बसलेल्या कुत्र्याचा जिक्र कुराणात आहे. तहानलेल्या कुत्र्याला विहिरीत उतरून पाणी पाजणाऱ्या माणसाची हदीस तर आपण सगळेच जाणतो. ते म्हणाले, "आपल्या हनफी मसलकात त्याची लाळ नापाक. लाळ लागली तर धुवा. कोरड्या अंगाला हात लागला म्हणून वजू तुटत नाही. नमाजची खोली वेगळी ठेवा आणि जे सांभाळायला घेतलंय ते नीट सांभाळा."

त्याप्रमाणं शेरूची जागा पडवीत झाली. मी त्याला लांबून भाकरी घालायची. तोही शहाणा. उंबऱ्यापाशी यायचा, पुढचे दोन पाय लांब करून बसायचा, पण आत पाऊल टाकायचा नाही. तीन वर्षं अशी गेली. माझ्यात आणि त्याच्यात उंबऱ्याएवढं अंतर राहिलं.

२०२४ चा रमजान मार्चमध्ये आला. सहेरीला मी साडेचारला उठायची. तिसऱ्या-चौथ्या रोजाला लक्षात आलं, की पडवीतून खोकल्याचा आवाज येतोय. घशात हाड अडकल्यासारखा कोरडा खोकला, शेवटी ओकारी काढल्यासारखं व्हायचं आणि थांबायचं. यांनी बॅटरी लावून त्याचा जबडा उघडून पाहिला. घशात काही नव्हतं. दिवसा तो ठीक असायचा. रात्री, त्यातही पहाटे, खोकला वाढायचा.

एका खाजगी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी घसा दाबून पाहिला, संसर्ग आहे म्हणाले, गोळ्या आणि खोकल्याचं औषध दिलं. आठ दिवसांत फरक पडला नाही. पुन्हा नेलं तर म्हणाले, "दहा वर्षांचा आहे. वय झालं. आता असं चालायचंच."

वय झालं. हे दोन शब्द मी आधी ऐकले होते.

१९८७ साल. मी नुकतीच नोकरीला लागले होते. अब्बा जत तालुक्यातल्या आमच्या गावी शिवणकाम करायचे. साठीही गाठली नव्हती. त्यांना रात्रीचा खोकला सुरू झाला. आडवं झालं की खोकला, बसलं की बरं. अम्मी पाठीला दोन उशा लावायची, मग तीन. शेवटी अब्बा भिंतीला टेकून बसूनच झोपायला लागले. गावातल्या डॉक्टरांनी दमा म्हणून औषध दिलं. मशीन चालवताना दम लागायचा तर अब्बा म्हणायचे, "उमर हुई." आम्ही त्यावर विश्वास ठेवला. सहा महिन्यांनी पायावर सूज आली तेव्हा मिरजेला आणलं. इथल्या डॉक्टरांनी छातीला स्टेथोस्कोप लावला आणि पाच मिनिटांत सांगितलं, की फुप्फुसाला काही झालेलं नाही, बिघाड हृदयाच्या झडपेत आहे, आणि फार उशीर झालाय. अब्बा एकवीस दिवसांनी गेले. एसटीनं दोन-अडीच तासांच्या अंतरावर मोठमोठे दवाखाने होते. आम्ही ते अंतर सहा महिने कापलं नाही.

पडवीतला तो खोकला ऐकताना माझ्या अंगावर काटा आला तो यासाठी. मी यांना म्हटलं, "हा आवाज घशाचा नाही. हा आवाज मी ऐकलाय." यांनी माझ्याकडं पाहिलं, पण तेव्हा दोघांनाही पुढं काय करायचं ते कळलं नाही. रमजानची गडबड होती. दिवस गेले. त्या दिवसांचा हिशेब मला अजून लागत नाही.

११ एप्रिलला ईद झाली. दुपारी माझा भाऊ मुलाबाळांसह आला. फाटक वाजलं तसा शेरू आनंदानं धावला, आणि मध्येच पाय निघून गेल्यासारखा आडवा पडला. अंग लुळं, डोळे उघडे. मुलं ओरडली. मी धावत गेले आणि त्याच्याजवळ खाली बसले. माझा हात त्याच्या छातीवर कधी गेला मला कळलं नाही. ईदचे नवे कपडे होते अंगावर. मिनिटभरात तो उठला, अंग झटकलं आणि काही झालंच नाही अशा डोळ्यांनी माझ्याकडं पाहू लागला. भाऊ म्हणाला, "फिट आली असेल."

दुसऱ्या दिवशी आम्ही त्याला सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात नेलं. तिथं गाई-म्हशी, शेळ्यांची गर्दी. डॉक्टर तरुण होता, आणि निघाला माझाच विद्यार्थी. चौथीत माझ्या वर्गात होता. "बाई, तुम्ही? आणि कुत्रं?" म्हणून हसला. मी खोकल्याचं सांगितलं, पडल्याचं सांगितलं. त्यानं वकिलासारखे प्रश्न विचारले. पडला तेव्हा पाय झाडत होता का? तोंडाला फेस आला का? उठल्यावर बराच वेळ भांबावल्यासारखा होता का? तिन्हीला नाही म्हटल्यावर तो म्हणाला, "मग फिट असण्यापेक्षा घेरीची शक्यता जास्त. उत्साहात धावला, मेंदूला रक्त कमी पडलं, पडला, लगेच सावरला. हृदय पाहायला हवं."

त्यानं शेरूच्या डाव्या कुशीला, कोपराच्या मागं स्टेथोस्कोप लावला. बराच वेळ ऐकलं. मग नळ्या माझ्या कानाला लावल्या. लब-डब असं दोन ठोक्यांचं ऐकू येईल असं मला वाटलं होतं. तिथं प्रत्येक ठोक्याबरोबर फुस्स फुस्स असा, पिचकारी मारल्यासारखा आवाज होता. यांनीही ऐकलं. आयुष्यभर तारा जुळवलेला माणूस. म्हणाले, "घोडी झिजली की तार अशी बोलते."

"तसंच आहे, काका," डॉक्टर म्हणाला. "झडप झिजलीय, नीट मिटत नाही. फटीतून रक्त मागं फिरतं त्याचा हा आवाज. आवाजाच्या सहा पायऱ्या असतात, हा चौथ्या-पाचव्या पायरीचा वाटतो. पण बाई, आवाजावरून हृदय किती बिघडलंय ते ठरत नाही. कधी आवाज मोठा आणि कुत्रं वर्षानुवर्षं ठणठणीत असतं. शिवाय या छोट्या जातींत श्वासनळी दबल्यामुळंही खोकला येतो, तो बदकाच्या ओरडण्यासारखा असतो. दोन्ही एकत्रही असू शकतं. एक्स-रे आणि हृदयाची सोनोग्राफी केल्याशिवाय मला सांगता येणार नाही, आणि ती माझ्याकडं होत नाही. पुण्याला न्या. अंदाजानं औषध देऊन मी तुमचे दिवस घालवणार नाही."

मी पस्तीस वर्षं मुलांना शिकवलं. पण 'मला इथं सांगता येणार नाही' हे वाक्य इतक्या सरळपणे बोलायला मी कुणाला शिकवल्याचं आठवत नाही. अब्बांच्या डॉक्टरांनी एवढं एक वाक्य म्हटलं असतं तर?

निघताना त्यानं मला गृहपाठ दिला. शेरू गाढ झोपला असताना त्याचे श्वास मोजायचे. छाती वर गेली आणि खाली आली की एक. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करायची. धावून आल्यावर, उन्हात, धापा टाकत असताना मोजायचं नाही. झोपेतला आकडा तिसाच्या आत असला पाहिजे. रोज तिसाच्या वर जायला लागला तर फुप्फुसात पाणी साचत असण्याची खूण. हिरड्या गुलाबी हव्यात. निळसर किंवा राखाडी दिसल्या, मान ताणून तोंडानं श्वास घेऊ लागला, आडवं व्हायला तयार होईना, तर वेळ न घालवता दवाखाना. आणि खोकल्याचं, घेरीचं मोबाइलवर चित्रण करून ठेवायचं, कारण डॉक्टरांच्या टेबलावर कुत्रं कधीच खोकत नाही.

त्या रात्री तहज्जुदच्या वेळी उठून मी पडवीत स्टूल टाकून बसले. घड्याळ बघत मोजलं. बावीस. दुप्पट चव्वेचाळीस. मला वाटलं चुकलं. पुन्हा मोजलं. चव्वेचाळीसच.

आमची मिरज दवाखान्यांचं गाव. वानलेस मिशन हॉस्पिटलापासून आजवर इथं कर्नाटकातून, कोकणातून माणसं उपचाराला येतात. गल्लोगल्ली हृदयाचे डॉक्टर आहेत. पण कुत्र्याच्या हृदयासाठी आम्हाला सव्वादोनशेच्या वर किलोमीटर जावं लागलं. भाच्यानं गाडी काढली. डॉक्टरनं फोन करून ठेवला होता आणि वाटेपुरतं पाण्याचं इंजेक्शनही दिलं होतं. वाटेत शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालयाची पाटी दिसली. मुंबईत परळला असं महाविद्यालय १८८६ पासून आहे. पण तिथवर जायचं असतं हेच आपल्याला माहीत नसतं.

पुण्याच्या दवाखान्यात आमच्या शेजारी एक तरुण मोठा डॉबरमन घेऊन बसला होता. कुत्रं अगदी तंदुरुस्त दिसत होतं. मी विचारलं तर म्हणाला, याचा सख्खा भाऊ खेळता खेळता पडला आणि गेला. मोठ्या जातींत, डॉबरमनमध्ये विशेष करून, हृदयाचा स्नायूच पातळ होऊन हृदय फुगतं. पुष्कळदा आवाजही येत नाही आणि खोकलाही नसतो. म्हणून छातीला यंत्र बांधून चोवीस तासांचे ठोके नोंदवायचे होते. आजार दिसायच्या आधी शोधायला आलेला तो मुलगा मला फार मोठा वाटला.

आमचा नंबर आला. शेरूच्या कुशीवरचे थोडे केस काढले. टेबलाला मधोमध खाच होती, त्यावर त्याला कुशीवर झोपवायचं, म्हणजे खालून छातीला यंत्र लावता येतं. भूल द्यायची नव्हती, कुणीतरी धरायला हवं होतं. शेरू थरथरत होता. यांनी धरलं तर सुटायला पाहू लागला. मी पुढं झाले, एक हात मानेखाली, एक मागच्या पायांवर. त्यानं माझं मनगट चाटलं. लाळ लागली. तीन वर्षं जी चुकवत होते ती लागली. मी हात काढला नाही. धुता येतो हात.

पडद्यावर त्याचं हृदय दिसत होतं. डॉक्टर बाईंनी बोट ठेवून दाखवलं. डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली झडप जाड, गाठाळ झाली होती. रंगीत चित्रात मागं फिरणारं रक्त ठिणग्यांसारखं उडत होतं. वरचा कप्पा फुगला होता. त्याची रुंदी महाधमनीच्या तुलनेत मोजतात. हे प्रमाण १.६ च्या आत असावं लागतं, शेरूचं २.१ होतं. एक्स-रेमध्ये हृदयाची मापं पाठीच्या मणक्यांवर ठेवून मोजली. साधारण साडेदहा मणक्यांपर्यंत चालतं, त्याचं बारा भरलं. फुगलेला कप्पा श्वासनळीच्या फाट्याला रेटत होता, म्हणून खोकला. आणि फुप्फुसांत पाणी उतरायला लागलं होतं, म्हणून चव्वेचाळीस.

बाई म्हणाल्या, "कुत्र्यांच्या हृदयविकारात हाच सगळ्यांत जास्त आढळतो. छोट्या जाती, उतार वय. ए, बी, सी, डी अशा अवस्था असतात. हा सी मध्ये आहे. झडप बरी होणार नाही, पण याला चांगले दिवस देता येतील."

मी विचारलं, आधी आणलं असतं तर?

त्यांनी खोटं सांगितलं नाही. आवाज आहे, हृदय वाढलंय, पण त्रास सुरू झालेला नाही, ही बी अवस्थेची दुसरी पायरी. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात अशा ३६० कुत्र्यांपैकी काहींना पिमोबेंडानची गोळी आणि काहींना औषध नसलेली गोळी दिली. औषध मिळालेल्यांत त्रास सुरू व्हायला सरासरी पंधरा महिने उशीर लागला. मी मनात हिशेब केला. रेबीजची लस आम्ही दरवर्षी न चुकता टोचली. पण याच्या छातीला स्टेथोस्कोप लावा, असं आम्ही एकदाही म्हटलं नाही. वर्षातून एकदा, फक्त एक मिनिट. तेवढं मागायला हवं होतं.

औषधं लिहून दिली. पिमोबेंडान दिवसातून दोनदा, खाण्याच्या तासभर आधी. आणखी दोन गोळ्या. आणि फुरोसेमाइड, पाण्याची गोळी. पाणी जास्त पिईल, लघवी जास्त होईल, पाणी कधी बंद करायचं नाही. आठ-दहा दिवसांनी मूत्रपिंडाची रक्ततपासणी. मीठ कमी. माणसांची कुठलीही गोळी मनानं द्यायची नाही. मिरजेच्या औषधाच्या दुकानात ती पाण्याची गोळी हातात घेतली तेव्हा ओळखीची वाटली. १९८७ मध्ये अब्बांच्या उशाशी शेवटचे एकवीस दिवस हीच गोळी होती.

लोक बोलायचे ते बोलले. एका नातेवाइकानं यांना विचारलं, "कुत्र्यावर एवढा खर्च? गरिबाला दिले असते तर सवाब मिळाला असता." हा प्रश्न वाईट नाही. मी स्वतः रात्रभर त्यावर विचार केला. जकात आम्ही देतो, त्यातला रुपया यात गेला नाही. माझ्या पेन्शनमधून एक तोळा करायचं ठरलं होतं, ते राहिलं. पण खरं उत्तर पैशाचं नाही. माणूस दुखतं म्हणून सांगू शकतो, आणि तरी आम्ही अब्बांचं ऐकलं नाही. हा तर सांगूही शकत नाही. ज्याला जबान नाही त्याचं दुखणं ओळखायची जबाबदारी, ज्याच्या दारात तो बसलाय त्याच्यावर येते. मौलाना एवढंच म्हणाले होते, नीट सांभाळा. खायला घालणं म्हणजे सांभाळणं असं मी तीन वर्षं समजत होते.

काकूंना सांगायचं की नाही, हा आणखी एक प्रश्न. दर जुम्म्याला त्यांचा व्हिडिओ कॉल येतो. मी आठ दिवस टाळलं. मग सगळं सांगितलं, उशीर झाल्याचंही सांगितलं. काकू बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "बाई, त्याच्या आईलाही असाच खोकला होता. आम्ही घसा म्हणत राहिलो." नंतर आम्ही दोघी रडलो. कुणासाठी ते ज्याचं त्याला ठाऊक.

औषधं सुरू झाल्यावर तिसऱ्या रात्री आकडा छत्तीस आला. आठवड्यानं अठ्ठावीस. पडवीत भिंतीवरच्या कॅलेंडरवर, जिथं दुधाचा हिशेब असायचा तिथं, आता शेरूचे श्वास लिहिलेले असतात. दोनदा आकडा वर चढला. फोन केला, गोळीचं प्रमाण बदललं, खाली आला. एकदा रात्री बाराला भाच्याला उठवावं लागलं. पुढं काय होणार ते मला माहीत आहे. झडप झिजतच जाणार. डॉक्टर बाईंनी ते लपवलेलं नाही. काकूंनाही ठाऊक आहे.

अल्लाहच्या मेहरबानीनं २०२५ चा रमजानही त्यानं पाहिला. पहिल्या सहेरीला मी नेहमीप्रमाणं साडेचारला उठले. पडवीत खोकला नव्हता. मला भीती वाटली. दिवा न लावता जाऊन पाहिलं. उंबऱ्याशी पुढचे दोन पाय लांब करून तो झोपला होता. मी स्टूल ओढलं, घड्याळ पाहिलं आणि मोजायला लागले. हे आतून म्हणाले, "सहेरीचा वखत जातोय."

"अर्धा मिनिट थांबा," मी म्हटलं.

तेरा. दुप्पट सव्वीस. कॅलेंडरवर लिहिलं, हात धुतले आणि चूल पेटवली.